अपमानातून प्रेम उगवते का?

कादंबरीची एक जुनी चाल सध्या पुन्हा भरात आली आहे. पहिल्या प्रकरणात नायक-नायिका एकमेकांचे तोंड पाहायला तयार नसतात आणि शेवटच्या प्रकरणात एकमेकांवाचून जगायला तयार नसतात. मधली तीनशे पाने या प्रवासाची. इंग्रजी पेपरबॅक कादंबऱ्यांत अशा कथांचा स्वतंत्र वर्गच तयार झाला आहे, आणि मराठीतही मोबाईलवर रोज एक प्रकरण वाचायला देणाऱ्या धारावाहिक कथांना हीच चाल मानवली आहे. हा वाचकवर्ग केवळ पुण्या-मुंबईचा आहे, अशा समजुतीत राहण्याचे कारण नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, वरुड तालुक्यातील शेंदूरजनाघाटसारख्या संत्र्याच्या गावातून शिक्षणासाठी अमरावतीला किंवा नागपूरला गेलेली मुलगी दिवाळीच्या सुटीत घरी येते, तेव्हा तिच्या पिशवीत अशी एखादी कादंबरी असण्याचा संभव पुष्कळ. घरातील वडीलधारी मंडळी मुखपृष्ठ पाहून नाक मुरडतात, 'काय हे पाश्चात्त्यांचे थेर' असा शेरा मारतात आणि विषय तेथेच मिटतो.

तो तेथे मिटू नये. कारण एक तर ही चाल पाश्चात्त्यांची मक्तेदारी नाही, आणि दुसरे म्हणजे या कादंबऱ्यांत खरोखर आक्षेपार्ह काय आहे, ते मुखपृष्ठ पाहून कळत नाही.

वैरातून जुळणारे प्रेम भारतीय कथापरंपरेला अपरिचित कधीच नव्हते. जैमिनी अश्वमेधातील प्रमिला यज्ञाचा घोडा अडवून अर्जुनाशी युद्धाला उभी राहते आणि अखेर त्याचीच पत्नी होते. हिडिंबेला तिच्या भावाने पांडवांना ठार करून आणण्यासाठी धाडले होते. ती भीमाला वरते आणि त्यासाठी भावाचा पक्ष सोडते. या कथा आजीच्या मांडीवर बसून ऐकलेल्या पिढीला 'शत्रू प्रियकर झाला' यात नवल वाटण्याचे कारण नाही. मग आजच्या कादंबरीविषयी वाचकाने मत बनवावे ते कोणत्या कसोटीवर? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मराठीतील या जातीच्या सर्वांत गाजलेल्या कलाकृतीकडे वळणे सोयीचे ठरेल. ती कादंबरी नाही, नाटक आहे. पण वाचण्यासारखे नाटक आहे.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'संगीत मानापमान' १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर नाटक मंडळीने मुंबईत रंगभूमीवर आणले. गोविंदराव टेंबे यांच्या चाली आणि बालगंधर्वांची भामिनी यांमुळे या नाटकाची पदे महाराष्ट्राच्या कानात अशी काही बसली, की त्याची गोष्ट काय आहे हे पुष्कळांच्या ध्यानातच राहिले नाही. संहिता हाती घेऊन वाचणाऱ्याला मात्र एक वेगळेच नाटक भेटते. भामिनी ही धनिकाची कन्या. तिच्या वडिलांच्या मनात जावई म्हणून भरला आहे तो सेनापती धैर्यधर, शूर पण निर्धन. भामिनी त्याच्या गरिबीवर बोट ठेवून त्याचा अव्हेर करते. धैर्यधरही कमी मानी नाही. अपमान गिळून दाराशी ताटकळणाऱ्यांपैकी तो नव्हे. श्रीमंताच्या मुलीचे नावही नको, असा बाणा धरून तो आपल्या वाटेला लागतो. इकडे भामिनीसाठी लक्ष्मीधर नावाचा धनवान आणि तितकाच भित्रा उमेदवार तयार असतो. पुढे भामिनी वनमाला नावाच्या गरीब मुलीच्या वेषात धैर्यधराच्या छावणीत जाते, पराक्रम आणि पैसा यांतला फरक स्वतःच्या डोळ्यांनी पाहते, आणि ज्याला तिने हिणवले होते त्याच्यावरच तिचे मन जडते.

गोष्ट साधी आहे, परंतु तिच्या मांडणीत खाडिलकरांनी दोन गोष्टी डोळसपणे केल्या आहेत. पहिली ही की, अपमान झाल्यावर अपमानित माणसाला निघून जाता येते. धैर्यधराजवळ तलवार आहे, हुद्दा आहे, सैनिकांचा आदर आहे; भामिनीच्या कृपेवाचून त्याचे काही अडलेले नाही. दुसरी गोष्ट अशी की, ज्याने अपमान केला त्यालाच आपल्या जागेवरून उठावे लागते. भामिनी दागिने उतरवते, नाव उतरवते, वडिलांच्या वैभवाची झूल उतरवते, आणि मगच तिला माणूस दिसतो. प्रेम तिला बक्षीस म्हणून मिळत नाही. आपली चूक तिला आधी कळते आणि प्रेम त्यानंतर येते.

नाटकात दोष नाहीत असे नाही. प्रायश्चित्ताचा मोठा वाटा नायिकेच्याच पदरी आला आहे. गरिबीचाही एक ताठा असतो, आणि धैर्यधराचा तो ताठा खाडिलकरांनी भामिनीच्या श्रीमंती ताठ्याइतका कठोरपणे तपासलेला नाही. वनमाला म्हणजेच भामिनी हे उमगल्यावर त्याचा बाणा गळून पडतो खरा, पण ते फार चटकन होते. आजची वाचक मुलगी हा प्रश्न विचारील आणि तो रास्तच असेल. जानेवारी २०२५ मध्ये सुबोध भावे यांनी याच नाटकावर आधारलेला चित्रपट पडद्यावर आणला, याचा अर्थ शंभर वर्षे उलटली तरी ही गोष्ट मराठी प्रेक्षकाला पुन्हा सांगावीशी वाटते.

'मानापमाना'चे खरे मोल समजते ते खाडिलकरांच्याच आधीच्या एका नाटकाशेजारी ते ठेवले म्हणजे. लोकमान्यांच्या या सहकाऱ्याचे 'कीचकवध' १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, सैरंध्रीत परतंत्र भारत दिसला, आणि १९१० मध्ये इंग्रज सरकारने त्या नाटकावर बंदी घातली. त्या नाटकातही अपमान आहे. परंतु तेथे अपमान करणारा राज्याचा सेनापती आहे आणि अपमान सोसणारी राजवाड्यातील दासी. तिला वाड्याबाहेर पाऊल टाकता येत नाही, नवऱ्यांना उघडपणे हाक मारता येत नाही. अशा ठिकाणी वैरातून प्रेम उगवण्याचा प्रश्नच येत नाही. तेथे भीमच यावा लागतो. एकाच लेखणीने चार वर्षांच्या अंतराने ही दोन नाटके लिहिली. ज्यातून पुढे समेट होऊ शकतो असा अपमान कोणता आणि ज्याला केवळ प्रतिकारच शोभतो असा अपमान कोणता, हे त्या लेखणीला नेमके ठाऊक होते. दोहोंतील भेद रागाच्या तीव्रतेचा नसतो. समोरच्याला 'नाही' म्हणून निघून जाता येते की नाही, यावर तो ठरतो.

हाच भेद घेऊन इंग्रजीतील या जातीच्या आद्य कादंबरीकडे पाहावे. जेन ऑस्टेनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' १८१३ मध्ये प्रसिद्ध झाली. नृत्याच्या मेजवानीत डार्सी एलिझाबेथच्या रूपाविषयी तिला ऐकू जाईल असे तुच्छतेने बोलतो. पुढे तोच तिला मागणी घालतो, तीही तिच्या घराण्याच्या उणेपणाची उजळणी करीत, जणू काही उपकारच करतो आहे अशा थाटात. एलिझाबेथच्या घरची स्थिती अशी की, वडिलांच्या पश्चात घर व जमीन दूरच्या नातेवाइकाकडे जाणार. पाच बहिणी, हुंड्याची बेताची सोय. डार्सीसारखे स्थळ नाकारणे म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने वेडेपणाच. ती नाकारते. कादंबरीचा कणा हा नकार आहे. त्यानंतर डार्सी काय करतो? तो तिच्यामागे लागत नाही, तिला धमकावत नाही, तिची वाट अडवीत नाही. एक पत्र लिहून आपली बाजू मांडतो आणि दूर होतो. पुढे तिच्या धाकट्या बहिणीने पळून जाऊन घराण्याची अब्रू पणाला लावली, तेव्हा तो पदरमोड करून ते प्रकरण निस्तरतो आणि आपले नाव कळू देऊ नका अशी अट घालतो. एलिझाबेथलाही आपले पहिले मत चुकीच्या माहितीवर बेतले होते, हे कबूल करावे लागते. दोघेही बदलतात. 'मानापमाना'त जी उणीव राहिली, ती येथे भरून निघाली आहे, म्हणून या एका बाबतीत ऑस्टेनबाईंचे पारडे जड ठरते. एवढे मोकळेपणाने म्हणण्यात खाडिलकरांचा अवमान नाही.

परंतु परदेशातून आलेले सर्वच असे नव्हते. शेक्सपिअरच्या 'टेमिंग ऑफ द श्रू'चे वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी 'त्राटिका' या नावाने केलेले रूपांतर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी रंगभूमीवर अतिशय गाजले. मूळ नाटकात नवरा आपल्या तोंडाळ बायकोला उपाशी ठेवतो, झोपू देत नाही, आणि सूर्याला चंद्र म्हणायला लावतो. शेवटी ती नवऱ्याच्या आज्ञाधारकतेवर इतर बायकांना व्याख्यान देते आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. संवाद चटकदार आहेत, प्रसंग हसवणारे आहेत, हे मान्य करूनही म्हटले पाहिजे की ही प्रेमकथा नव्हे. उपासमारीने शरण आलेल्या माणसाच्या तोंडच्या गोड शब्दांना प्रेम म्हणता येत नाही.

आजच्या प्रेमकथांतील एक मोठा वर्ग दुर्दैवाने भामिनीच्या नव्हे, तर त्राटिकेच्या वंशातला आहे. नायक गडगंज श्रीमंत, बहुधा नायिकेचा मालक किंवा तिच्या वडिलांचा सावकार. कधी तो गुन्हेगारी टोळीचा म्होरक्या असतो. कर्जफेडीपोटी, कराराने किंवा थेट पळवून आणून नायिका त्याच्या घरात अडकते. तो तिला टाकून बोलतो, कोंडून ठेवतो, तिच्यावर पाळत ठेवतो, आणि हे सारे त्याच्या 'उत्कट' स्वभावाचे लक्षण म्हणून सांगितले जाते. बालपणी त्याने काहीतरी दुःख सोसलेले असते, त्यामुळे त्याला सगळे माफ. मग एके दिवशी तिला ताप येतो, तो रात्रभर उशाशी बसतो आणि वैर संपते. त्याने कशाची माफी मागितली? आपल्या कोणत्या वागण्याचे त्याने मोल चुकते केले? पुष्कळदा या प्रश्नांना कादंबरीत एक पानही वाट्याला येत नाही. वडीलधाऱ्यांचा आक्षेप चुंबनाच्या वर्णनावर असतो. खरा आक्षेप या हरवलेल्या पानावर असायला हवा.

'वाचक मूर्ख नसतो, त्याला गोष्ट आणि आयुष्य यांतील फरक कळतो,' असे यावर म्हटले जाते, आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. एका कादंबरीने कोणाचे आयुष्य बिघडत नाही. त्याच वर्गात चांगल्या लेखिकाही आहेत. दोन वकील, दोन डॉक्टर, दोन व्यापारी घराणी यांच्यातील चुरशीतून फुलणारी गोष्ट त्या कौशल्याने रंगवतात, आणि तेथे दोघांनाही उठून जाण्याची मुभा असते. म्हणून सरसकट बंदीची भाषा निरर्थक आहे. प्रश्न आहे तो शेकडो कथांतून एकच संस्कार पुन्हा पुन्हा झाल्याचा: जो जास्त दुखावतो, तोच जास्त प्रेम करतो.

आणि येथे वडीलधाऱ्यांना जरा अडचणीचे वाटेल असे काही म्हणणे भाग आहे. हा संस्कार केवळ कादंबरीच करते काय? नव्याने सासरी गेलेली मुलगी पहिल्या सणाला माहेरी येते आणि नवरा तोडून बोलतो, घरात कोणी धड वागवत नाही, असे आईजवळ चाचरत सांगते. तेव्हा कित्येक सुसंस्कृत, मध्यमवर्गीय, देवधर्म पाळणाऱ्या घरांत तिला जे उत्तर मिळते, ते शब्दशः त्या कादंबरीचेच कथानक असते. 'थोडे सोस. स्वभाव कडक आहे, पण मनाने चांगला आहे. एक मूल झाले की सगळे ठीक होते.' मुखपृष्ठ पाहून नाक मुरडणाऱ्या घराने आपल्या लेकीला तीच प्रेमकथा तोंडी सांगितलेली असते, तीही तिच्या स्वतःच्या आयुष्याविषयी. कादंबरीला निदान शेवटचे पान असते.

वऱ्हाडात याला एक गोंडस दाखलाही सापडू शकतो. आंबट खुंटावरच गोड संत्रे येते, असे कोणी म्हणेल. वरुड-शेंदूरजनाघाट हा परिसर संत्र्याच्या कलमांसाठी प्रसिद्ध आहे, तेव्हा दाखला जवळचा वाटतो. परंतु रोपवाटिकेतील माणसाला विचारले तर तो वेगळीच हकिकत सांगेल. जंबेरीची रोपे आधी पन्हेरीत वाढवतात. ती काटेरी, चिवट, आणि तिचे फळ आंबट. खुंट पेन्सिलीएवढा जाड झाला की त्याच्या सालीत काप घेऊन नागपुरी संत्र्याचा डोळा भरतात. डोळा जिवंत असावा लागतो, खुंट रसरशीत असावा लागतो, काप स्वच्छ असावा लागतो. दोहोंपैकी एक जरी सुकलेला असला तरी कलम लागत नाही. आणि कलम लागल्यावरही जंबेरी गोड होत नाही. ती कधीच गोड होत नाही. जोडाच्या खालून तिचे फुटवे निघतच राहतात आणि बागायतदाराला ते वर्षानुवर्षे काढावे लागतात. दुर्लक्ष केले तर जंबेरी वर चढते, संत्र्याची फांदी दबते आणि झाडाला आंबट फळे लागतात. खुंट आपोआप गोड होईल अशी वाट पाहत बसणारा बागायतदार त्या पट्ट्यात कोणी नसेल.

सोयरीक जुळली म्हणजे वैर मिटले, हा भ्रमही आपल्याच पुराणांनी फार पूर्वी दूर केला आहे, आणि ती कथा तर अमरावती जिल्ह्याची आहे. वर्धा नदीच्या काठचे कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर. तिच्या भावाने, रुक्मीने, तिचे लग्न शिशुपालाशी ठरवले होते. तिने सुदेव ब्राह्मणाहाती श्रीकृष्णाला पत्र पाठवले, आणि मगच श्रीकृष्ण आले. जिला 'हरण' म्हणतात त्या घटनेच्या मुळाशी वधूचे स्वतःचे पत्र आहे, हे आजच्या अपहरणकथांच्या लेखकांनी ध्यानात घेण्यासारखे आहे. चालून आलेला रुक्मी हरला. रुक्मिणीच्या विनवणीमुळे त्याचा प्राण वाचला, पण त्याला विद्रूप करून सोडण्यात आले. तो माघारी कौंडिण्यपुरास गेला नाही, भोजकट वसवून राहिला. अमरावतीजवळच्या भातकुलीशी या भोजकटाचे नाव परंपरेने जोडले जाते. सर्वसाधारण श्रोत्याची कथा येथे संपते. भागवतात ती पुढे चालू राहते. रुक्मीची मुलगी श्रीकृष्णाच्या मुलाला, प्रद्युम्नाला, दिली गेली. पुढे रुक्मीची नात श्रीकृष्णाच्या नातवाला, अनिरुद्धाला, दिली गेली. म्हणजे तीन पिढ्यांत तीन विवाहसंबंध. आणि त्या तिसऱ्या लग्नाच्या मांडवातच द्यूताचा डाव मांडला गेला, रुक्मीने बलरामांची टिंगल केली आणि बलरामांच्या हातून तो मारला गेला. पहिल्या लग्नाच्या वेळचा अपमान नातीच्या लग्नापर्यंत जिवंत होता. कारण मधल्या काळात त्याविषयी कोणी कोणाशी बोललेच नव्हते. भागवतकारांनी ही शेवटची पाने लिहिली, गाळली नाहीत. वरुडहून फार दूर नसलेल्या पांढुर्ण्यात, जाम नदीच्या पात्रात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या गोटमारीमागेही अशीच एक दंतकथा सांगतात: पांढुर्ण्याचा मुलगा, सावरगावची मुलगी, आणि दोन्ही काठांवरून आलेले दगड. प्रेम करणारे दोघे केव्हाच गेले, दगड मात्र दरवर्षी उचलले जातात.

संसदेने २००५ मध्ये संमत केलेला कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात मारहाणीबरोबरच शाब्दिक आणि भावनिक छळ, टोचून बोलणे, अपमान करणे यांचाही स्पष्ट समावेश आहे. अनेक पालकांना हे आजही ठाऊक नसते. 'हात तर उचलत नाही ना?' हा प्रश्न विचारून ते निश्चिंत होतात. त्यापेक्षा सुटीत घरी आलेल्या मुलीच्या हातातील कादंबरी वाचून पाहावी, आणि 'या नायकाने नायिकेची माफी कोणत्या पानावर मागितली?' एवढे तिला विचारावे. ती पान शोधू लागेल. सापडले नाही तर त्या घरात जे बोलणे निघेल, ते पुस्तक हिसकावून घेऊन निघाले नसते.

'मानापमाना'च्या बाबतीत एक घटना अशी आहे, जी नाटकाच्या संहितेत नाही. १९११ नंतरच्या दशकात मराठी संगीत रंगभूमीवर दोन नावांचा दबदबा होता: गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले. दोन कंपन्या, दोन गायकी, आणि प्रत्येकाचे कट्टर चाहते. टिळक स्वराज्य फंडासाठी या दोघांनी एकत्र यावे असे ठरले आणि दोघेही आपल्या इच्छेने आले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत 'संयुक्त मानापमान' झाले. बालगंधर्व भामिनी झाले, केशवराव धैर्यधर. त्या रात्रीच्या प्रेक्षकांपैकी कित्येक जण कोण कोणावर मात करतो, हे पाहायला आले होते. पुढे तीन महिने पुरते झाले नाहीत तोच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव गेले. त्यांचे वय अवघे एकतीस वर्षांचे होते. त्या प्रयोगाची आठवण सांगणाऱ्या मराठी माणसाने कोण जिंकले याचा निकाल आजवर दिलेला नाही.